गर्भातील दुरुस्ती आणि तिचे वारस

मनुष्याचा देह जेव्हा अवघ्या एका पेशीचा असतो, त्या वेळी त्याच्या आनुवंशिक द्रव्यात हात घालून तेथील एखादे सदोष अक्षर काढावे, त्याच्या जागी निर्दोष अक्षर बसवावे, आणि तो बदल त्या एका जीवापुरता न राहता त्याच्या मुलांनातवंडांतून पुढे पुढे उतरत जावा, ही गोष्ट आता कल्पनेच्या प्रांतातून निघून प्रयोगशाळेच्या प्रांतात आली आहे. ती करावी की करू नये, या प्रश्नावर तळेऱ्यातील दोन वयोवृद्ध आणि विचारी माणसांत जो वाद झाला तो ऐकण्याचा योग मला आला. आणि दोन्ही बाजूंची कळकळ सारखीच खरी असल्यामुळे तो वाद शब्दशः नव्हे, तरी त्याच्या आशयास धक्का न लावता वाचकांपुढे ठेवावा असे मला वाटले.

तळेरे हे मुंबई-गोवा महामार्गावरील कणकवली तालुक्यातले गाव. येथून एक रस्ता पश्चिमेस विजयदुर्गाकडे जातो, तर दुसरा वैभववाडीवरून करूळचा घाट चढून गगनबावड्यास आणि पुढे कोल्हापुरास पोहोचतो. वादींपैकी एक वकीलसाहेब; त्यांची हयात कणकवलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचे आणि वहिवाटीचे दावे चालविण्यात गेली. दुसऱ्या बाई; विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून नोकरीची उमेदीची वर्षे त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत काढली आणि निवृत्तीनंतर त्या गावी परतल्या. एरवी दोघेही मालवणीत बोलतात, परंतु विषय गंभीर झाला की दोघांचीही भाषा आपोआप कचेरीची आणि पुस्तकाची होते, हे गावास ठाऊक आहे.

निमित्त एका बातमीचे होते. सिकलसेल या रक्तविकारावर जनुकीय दुरुस्तीचा स्वदेशी उपचार दिल्लीच्या सरकारी जीनोमिक्स संस्थेने सिद्ध केला असून त्यास बिरसा मुंडा यांचे नाव दिले आहे, आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले आहे, असे २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले होते.

बाई : वकीलसाहेब, बातमी आनंदाची खरी, पण ती वाचून माझे मन अस्वस्थच झाले. माझ्या वर्गात दर वर्षी अशी दोनतीन मुले असत, की थंडी पडली, ताप आला, अथवा खेळता खेळता अंगातले पाणी कमी झाले, म्हणजे त्यांच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकत, आणि ती मुले हातपाय पोटाशी घेऊन रात्रभर कण्हत पडत. एवढ्या यातनांचे मूळ काय, तर हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते, आणि तेही जनुकातील एकच अक्षर बदलल्यामुळे. आता हा नवा उपचार म्हणजे काय, तर मूल आधी आजारी पडू द्यायचे. मग त्याच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून त्यांची दुरुस्ती करायची, उरलेली मज्जा जालीम औषधांनी मारून टाकायची, आणि दुरुस्त पेशी परत अंगात सोडायच्या. असल्याच एका विदेशी उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने आणि अमेरिकेने मान्यता दिली, त्याची अमेरिकेतील किंमत एका रोग्यामागे २२ लाख डॉलर. जे काम गर्भ एका पेशीचा असताना एकदाच करता येईल, ते कोट्यवधी पेशींवर, इतक्या क्लेशाने आणि इतक्या खर्चाने का करावे?

वकीलसाहेब : तुमच्या त्या मुलांच्या वेदना मी पाहिलेल्या नाहीत, म्हणून त्यांविषयी मी काही बोलू नये हेच बरे. परंतु जन्मलेल्या रोग्याची मज्जा दुरुस्त करणे आणि गर्भाची दुरुस्ती करणे या दोन कृत्यांतील अंतर नुसते वेळेचे नाही, ते अधिकाराचे आहे. पहिल्यातील बदल त्या माणसाच्या रक्तापुरता राहतो आणि त्याच्याबरोबर संपतो. तो सज्ञान असेल तर त्यास विचारता येते, अज्ञान असेल तर आईबाप त्याच्यासाठी बोलतात, कारण रोग समोर उभा असतो. दुसऱ्यातील बदल त्याच्या बीजपेशींत उतरतो आणि संततीकडे जातो. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीसवीस नावे असतात आणि निम्मे खातेदार मुंबईस असतात. तरीही फेरफार धरताना तलाठ्यास हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकतीस मुदत ठेवावी लागते, हरकत आली तर चौकशी होऊन मगच नोंद प्रमाणित होते, आणि त्यावरही अपील राहतेच. गर्भातली दुरुस्ती हा असा फेरफार आहे की, ज्यांच्या हिश्श्यास तो लागायचा ते वारस जन्मालाच आलेले नाहीत, त्यांना नोटीस बजावता येत नाही, आणि उद्या नोंद चुकीची निघाली तर ती कमी करण्यास कोणती कचेरीही नाही.

बाई : आणि आजाराची नोंद त्यांच्या नावावर चढली, तेव्हा कोणी नोटीस दिली होती? आईबाप दोघेही वाहक असले म्हणजे प्रत्येक अपत्यामागे चारांत एक हा धोका असतो. तो पत्करून लग्ने होतात, मुले होतात, आणि त्या मुलांची संमती कोणी घेत नाही. वारशाने रोग देण्यास परवानगी लागत नाही आणि तो काढून घेण्यास मात्र अजन्म्या पिढ्यांची संमती लागते, हा न्याय मला उमगत नाही.

या प्रश्नावर वकीलसाहेब काही वेळ बोलले नाहीत. मला स्वतःलाही बाईंचा हा प्रश्न त्या साऱ्या वादातील सर्वांत अवघड वाटतो. आणि संमतीच्या एकट्या मुद्द्यावर या विषयाचा निकाल लागत नाही, अशी माझी त्यामुळे खात्री झाली.

वकीलसाहेब : रोग निसर्गाने दिला तर त्याचा जाब कोणास विचारता येत नाही, दुरुस्ती माणसाने केली तर विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. २०१८ च्या नोव्हेंबरात चीनमधील शेन्झेनच्या हो ज्यानक्वेइ नावाच्या संशोधकाने हाँगकाँगच्या परिषदेत सांगितले की, आपण गर्भावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मास आणल्या आहेत. त्यांच्या पित्यास एच.आय.व्ही.ची बाधा होती, आणि मुलींस ती कधीच होऊ नये म्हणून या संशोधकाने सीसीआर-५ हे जनुक निकामी करण्याचा प्रयत्न केला. वीर्य धुऊन घेण्याच्या साध्या आणि रुळलेल्या पद्धतीने अशा पित्यापासून निरोगी मूल होऊ शकते. म्हणजे त्या मुलींना ज्या संकटातून सोडविले म्हणतात ते संकट त्यांच्यापुढे नव्हतेच. शिवाय युरोपातील काही लोकांत या जनुकाचा जो निसर्गसिद्ध बदल आढळतो तो त्याने घडविला नाही. त्याच्या हातून घडले ते अभूतपूर्व बदल, आणि तेही सर्व पेशींत सारखे नव्हेत. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यास तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड दिला. त्याची शिक्षा संपली; त्या मुलींच्या पेशींतील नोंद कायम आहे.

बाई : तो माणूस अपराधीच होता, त्याचा बचाव मी करणार नाही. हे तंत्र आज पक्व नाही, हेही मी कबूल करते. २०१५ मध्ये क्वांगचौच्या संशोधकांनी, ज्यांची वाढ मुळातच होणे शक्य नव्हते अशा गर्भांवर रक्ताच्याच विकाराचे जनुक दुरुस्त करून पाहिले, तेव्हा मोजक्याच गर्भांत इच्छित बदल झाला, आणि नको त्या ठिकाणीही काटछाट झाली. २०२० मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गटास आढळले की, कात्री लागल्यावर काही गर्भांतून ते अख्खे गुणसूत्रच नाहीसे होते. तेव्हा आज असुरक्षित म्हणून नको, या उत्तरास माझी हरकत नाही; परंतु हे उत्तर मुदतीचे आहे, कायमचे नाही. ज्या दिवशी ते सुरक्षित होईल त्या दिवशी तुम्ही काय म्हणाल, हा माझा सवाल आहे.

वकीलसाहेब : त्या दिवशी मी महाराष्ट्राचे दप्तर उघडीन. गर्भजल काढून तपासण्याची विद्या या देशात १९७० च्या दशकात आली ती आनुवंशिक व्यंगांचे निदान करण्यासाठी. तिचा हेतू तुमच्या हेतूइतकाच निर्मळ होता. दहा वर्षांच्या आत मुंबईत तिचा उपयोग मुलगी आहे की काय एवढे पाहण्यासाठी होऊ लागला. त्याविरुद्ध तेथील स्त्रियांनी, डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी चळवळ उभारली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला. त्यात रोगनिदानास मुभा होती, लिंगनिदानास मनाई होती, परवाने होते, समित्या होत्या, शिक्षा होत्या. मसुदा म्हणून पाहिले तर नाव ठेवण्यास फारशी जागा नव्हती. पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला, तो १९९६ च्या आरंभी अमलात आला. तरी तो कागदावरच राहिला म्हणून २००० मध्ये सेहत, मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. आणि २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीसही मनाई करणारी दुरुस्ती झाली. इतके सारे होत असताना शून्य ते सहा वर्षांच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ होती, ती २००१ ला ९१३ झाली, आणि २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ती ८०७ होती. रोगासाठी उघडलेल्या दारातून समाज आपली आवडनिवड घेऊन आत शिरला, आणि कायदा दाराशी उभा होता तरी शिरला.

वकीलसाहेबांनी येथे घाटमाथ्याकडे हात केला. तळेऱ्याहून वर चढणारा रस्ता ज्या कोल्हापूर जिल्ह्यात जातो तेथे हीच संख्या २००१ साली ८३९ होती. पुढे तेथे जिल्हाधिकारी झालेले, मराठी वाचकांस लेखक म्हणून परिचित असलेले लक्ष्मीकांत देशमुख, यांनी प्रत्येक सोनोग्राफी यंत्रास तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण जोडविले. २०११ च्या शिरगणतीत आकडा ८६३ वर आला. दक्ष अधिकारी आणि जागरूक जनता असली तर कायद्यास धार येते, हे त्यावरून दिसते; परंतु त्या दक्षतेआधी किती मुली गेल्या याचा विचार मनात आला म्हणजे समाधान मानवत नाही.

बाई : तुमच्या आकड्यांपुढे मी मान खाली घालते, वकीलसाहेब, पण त्यांतून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला मान्य नाही. मुलगी असणे हा रोग नव्हता. समाजाने तो ठरविला. सिकलसेलला रोग कोणी ठरवावा लागत नाही, तो ज्या मुलाच्या हाडांत असतो ते मूल सांगते. लोकांनी एका विद्येचा दुरुपयोग केला म्हणून दुसऱ्या विद्येपासून आजारी माणसास दूर ठेवणे, म्हणजे एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्यास देणे होय.

वकीलसाहेब : सिकलसेलची सीमा स्पष्ट आहे, हे मान्य. परंतु ज्या प्रयोगशाळेत ती दुरुस्ती होईल तेथे दुसऱ्या दिवशी दुसरे कोणी येईल. हृदयाच्या स्नायूशी संबंधित अशा एका जनुकातील २५ अक्षरांची त्रुटी भारतात दर शंभर माणसांत चौघांमध्ये असते, असे हैदराबादच्या पेशीविज्ञान केंद्राच्या संशोधकांनी २००९ मध्ये इतरांच्या सहकार्याने दाखवून दिले. तळेऱ्याच्या बाजारातही तोच हिशेब. ती माणसे पुष्कळशी उतारवयापर्यंत ठणठणीत असतात, शेती करतात, मासे विकतात, मुले वाढवितात. त्यांच्या हृदयास धोका अधिक असतो एवढेच. त्याच जनुकातील वेगळ्या दोषाची गर्भात दुरुस्ती करून पाहण्याचा प्रयोग २०१७ मध्ये अमेरिकेत ओरेगन येथे झालेला आहे. आता सांगा, कोट्यवधी भारतीयांत असलेली ही त्रुटी रोग समजायची, की दैवाचा एक भाग?

बाई : ती मी गर्भात दुरुस्त करणार नाही. तेथे निदान आणि औषध पुरे आहे.

वकीलसाहेब : आपल्याच भागातले दुसरे उदाहरण घ्या. ‘बॉम्बे’ रक्तगट १९५२ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे यांना सापडला. या गटाची माणसे रत्नागिरी-सिंधुदुर्गात तुलनेने अधिक आहेत. नेहमीच्या तपासणीत त्यांचे रक्त ‘ओ’ दिसते, पण ‘ओ’ रक्त दिले तर त्यांच्या जिवावर बेतते. आणि अपघात किंवा बाळंतपण आले म्हणजे असा दुसरा दाता शोधीत गोव्यापासून मुंबईपर्यंत फोन फिरतात. यास तुम्ही दोष म्हणाल?

बाईंनी याचे उत्तर स्वतःच्या बाजूस प्रतिकूल असतानाही दिले, म्हणून ते मी मुद्दाम विस्ताराने देतो.

बाई : तो दोष नव्हे. त्या माणसांच्या पेशींवर ‘एच’ नावाची शर्करा बनत नाही इतकेच, आणि दुसऱ्याचे रक्त घेण्याची वेळ आली नाही तर त्यांच्या आयुष्यात काही उणे नसते. उलट भारतातील या गटाच्या लोकांत शेजारचे दुसरे एक जनुकही बहुधा गळालेले असते. आणि ते जनुक निष्क्रिय असलेल्यांना हगवण-उलट्या घडविणाऱ्या नोरोव्हायरसच्या काही प्रकारांची बाधा सहसा होत नाही. सिकलसेलचेही तसेच आहे. ज्याच्याकडे दोषी जनुकाची एकच प्रत असते त्यास प्राणघातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते, म्हणून तर रानावनात हे जनुक टिकले. एका अक्षरास नुसते चांगले वा वाईट म्हणता येत नाही, हे मीच वर्गात शिकवीत असे. पण वकीलसाहेब, दोन प्रती असलेल्या मुलाला त्या संरक्षणाचा उपयोग नाही.

वकीलसाहेब : चांगलेवाईट ठरविण्याचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे, आणि तो मोह दुष्टांनाच होतो असे नाही. पुढे कोल्हापुरात दीर्घकाळ प्राध्यापक राहिलेले ना. सी. फडके यांनी १९२७ साली संततिनियमनाचा पुरस्कार करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात स्त्रियांच्या आरोग्याची खरी कळकळ होती, आणि त्याबरोबरच उत्तम प्रजेच्या पैदाशीची चळवळ या देशात उभी राहावी असाही आग्रह होता. त्या काळी सुधारकांना यात काही विपरीत दिसत नव्हते. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनला आयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. मानववंशांच्या कवट्यांच्या घडणीत त्यांच्या बुद्धीचे तारतम्य दिसते, असे त्या गुरूंचे मत होते. या मराठी विद्यार्थिनीने कवट्या मोजल्या आणि तसा वंशभेद आढळत नाही असे आपल्या प्रबंधात लिहून दिले. १९३३ मध्ये त्याच जर्मनीत आनुवंशिक रोगी ठरविलेल्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला. रोग्यांची यादी करण्याचे काम तेव्हाही डॉक्टरांकडेच होते.

बाई : ती सक्ती सरकारची होती. मी सक्ती मागत नाही.

वकीलसाहेब : मुली मारण्याची सक्तीही कोणत्या सरकारने केली नव्हती. शेजाऱ्याने केले, नणंदेने केले, आता आपण मागे का राहावे, एवढ्यानेच ते झाले. उद्या ज्याच्यापाशी पैसा आहे तो निर्दोष संतती घेऊन जाईल, आणि ज्याच्या घरी आजारी मूल जन्मेल त्यास लोक विचारतील, तुम्ही वेळीच दुरुस्ती का करून घेतली नाही? आज दैवाचे मानले जाते ते दुःख उद्या आईचा निष्काळजीपणा ठरेल. आणि तुमच्या हेतूसाठी दुसरा मार्ग खुला आहे, बाई. के.ई.एम.मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेत गर्भधारणा झालेले मूल जन्मले, त्यास चार दशके झाली. आता तशा गर्भांची तपासणी करून निरोगी तेवढाच रुजविता येतो, आणि गंभीर आनुवंशिक रोगासाठी कायद्याने त्यास मोकळीक आहे. काहीही न बदलता निरोगी मूल होते.

बाई : निवडता केव्हा येते? चारांत एक आजारी असेल तेव्हा. पण जेथे नवराही सिकलसेलचा आणि बायकोही सिकलसेलची, तेथे प्रत्येक गर्भाकडे दोन्ही प्रती सदोषच असणार, निवडायचे कोणातून? अशी दोन माणसे गडचिरोलीसारख्या मुलखात एकमेकांना भेटणे अशक्य नाही; इस्पितळाच्या एकाच बाकावर ती वर्षानुवर्षे शेजारी बसलेली असतात. त्यांना तुम्ही काय सांगाल?

वकीलसाहेब : दत्तक घ्या म्हणेन, दुसऱ्याच्या बीजाचे मूल घ्या म्हणेन. आणि ते सांगताना मला खेद होईल.

बाई : तुमच्या खेदाने त्यांचे काय भागते? वकीलसाहेब, तुमच्या नकाराची किंमत तुम्हाला द्यावी लागत नाही. ती ते दोघे देतात. वेदनेचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी काही फार महाग नाही. तीदेखील संपली म्हणून माझ्या विद्यार्थ्याला आरोग्य केंद्रातून रिकाम्या हाताने परत पाठविलेले मी पाहिले आहे. २०२३ च्या १ जुलैला शहडोल येथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत हा रोग संपवायचा असे ठरले. तपासून हातात कार्ड दिले, तरी कार्डाने वेदना थांबत नाही. गर्भाला हात लावू नका असे म्हणणाऱ्याने जन्मलेल्या मुलाचे काय करायचे याचीही जबाबदारी पत्करली पाहिजे.

हा प्रहार वकीलसाहेबांच्या वर्मी बसला, आणि माझ्याही. गर्भदुरुस्तीच्या विरोधात लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाजूस मीही आहे. परंतु मनाई करणे हे फुकटचे पुण्य नव्हे, त्यामुळे ज्यांचा मार्ग बंद होतो त्यांचे आपण ऋणी होतो, ही गोष्ट त्या लिखाणात मला सहसा आढळत नाही. वकीलसाहेबांनी ती उघडपणे मान्य केली.

वकीलसाहेब : मला तुमचे म्हणणे कबूल आहे. आज या देशातली बंदी आहे ती आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत. २०१७ च्या तत्त्वांत ती स्पष्ट शब्दांत आहे. तिचा कायदा व्हावा. पण मसुदा माझ्या हाती दिला तर मी पहिले कलम मनाईचे लिहीन आणि दुसरे सरकारच्या दायित्वाचे : वाहकांची विवाहापूर्वी ऐच्छिक आणि गोपनीय तपासणी, गर्भांच्या निवडीचा खर्च, प्रत्येक आरोग्य केंद्रात औषधाचा अखंड पुरवठा, आणि जन्मलेल्यांसाठी या बिरसा-उपचारासारखा उपचार सरकारी खर्चाने. दुसरे कलम अमलात आले नाही, तर पहिल्यावर बोट ठेवण्याचा नैतिक अधिकार सरकारला नाही.

बाई : आणि मुदत? मनाई कायमची असू नये.

वकीलसाहेब : दर दहा वर्षांनी फेरविचार.

बाई : माझ्या वर्गातली काही मुले दहा वर्षे थांबू शकली नसती. पाच लिहा. आणि फेरविचार करणाऱ्या मंडळात ज्यांच्या अंगात हा रोग आहे अशी माणसे हवीत, साक्ष देण्यापुरती बोलावलेली नव्हे, मत देणारी.

वकीलसाहेब : ती असतील. पाच वर्षेही मी मान्य करतो. पण त्या दोघा नवराबायकोंसाठी अपवादाचे कलम मी घालणार नाही. एका अपवादाच्या आधाराने काय काय मागितले जाते ते मी आयुष्यभर न्यायालयात पाहिले आहे.

बाई : मग मसुदा तुम्ही खुशाल पाठवा, वकीलसाहेब. दुसऱ्या कलमासाठी मी गावोगाव सह्या गोळा करीन. पण अपवादाचे कलम त्यात येईपर्यंत माझी सही त्यावर असणार नाही.